संख्याशास्त्र व व्यवसाय-मानसशास्त्र : बर्ट प्रकरणाच्या निमित्ताने

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र रुक्ष आणि व्यवसाय-मार्गदर्शन उपयुक्त वाटते. इतिहासात मात्र हे दोन्ही विषय एकाच हाती वाढलेले दिसतात. सी. एस. मायर्स यांनी १९२१ मध्ये लंडन येथे औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्या व्यवसाय-मार्गदर्शन विभागाची धुरा सिरिल बर्ट यांनी वाहिली. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेजात ते चार्ल्स स्पिअरमन यांच्या अध्यासनावर आले व घटक विश्लेषणाचे अधिकारी अभ्यासक ठरले.

याच बर्ट यांनी १९५५ मध्ये वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या २१ जोड्यांच्या बुद्ध्यंकांत ०.७७१ इतका सहसंबंध नोंदविला. १९६६ मध्ये जोड्या ५३ झाल्या, गुणक तोच राहिला! नमुना बदलला की गुणक थोडा तरी हलतो, हा तर संख्याशास्त्राचा प्राथमिक पाठ. तरीही लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये बोट ठेवीपर्यंत ही विसंगती फारशी कोणाला खटकली नाही. बर्ट तत्पूर्वीच, १९७१ मध्ये, निवर्तले होते. ही लबाडी की हलगर्जी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु सूत्रे पाठ असलेल्या वाचकांनीही ते आकडे तपासले नव्हते, याविषयी मतभेदास जागा नाही.