कोशाची दोन दारे

शब्दकोश हा वाचावयाचा ग्रंथ नव्हे, अडले म्हणजे उघडावयाचा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कचेरीत टिपण लिहिताना एखाद्या इंग्रजी शब्दाविषयी शंका आली की आपण तो उघडतो आणि शंका फिटताच मिटतो. परंतु इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठी माणसाला प्रथम कोणत्या वाटेने कळले, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे ध्यानात येते की, ती वाट मुळी आपल्यासाठी बांधलेलीच नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. कारभार करावयाचा तर रयतेची भाषा कळावयास हवी. मुंबईच्या फौजेतील जेम्स थॉमस मोल्सवर्थ या अधिकाऱ्याने जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या साह्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ मध्ये छापला गेला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची. या कोशात मराठी शब्द हा प्रश्न आणि इंग्रजी शब्द हे उत्तर. प्रश्न पडणारा अर्थात साहेब!

पहिला कोश निघाल्याला फार दिवस लोटले नव्हते, तोच विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. वाचकाची नजर दोहोंपैकी कोणत्याही बाजूने निघावी आणि दुसरीकडे पोहोचावी, अशी ही सोय. पुढे १८४४ मध्ये हार्डिंजसाहेबांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचा ठराव केला, आणि हौसेची भाषा पोटाची झाली. १८४७ मध्ये टॉमस कँडीने इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. (मराठीत आज आपण स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतो, तेही बरेचसे याच गृहस्थाच्या खटपटीमुळे.) आता कोशाचे दुसरे दार उघडले, प्रश्न इंग्रजी आणि उत्तर मराठी.

या दारातून आत शिरलेल्या आपल्या पूर्वजांना कठीण काय गेले असेल? माझ्या मते मोठे शब्द नव्हेत. ‘ज्युरिस्डिक्शन’ला एक ठरीव अर्थ असतो, तो पाठ केला की काम भागते. खरी पंचाईत रोजच्या शब्दांची. ‘वेअर’ हेच घ्या. मराठी माणूस सदरा घालतो, पागोटे बांधतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो. बाई लुगडे नेसते आणि दागिने लेते. वस्त्र अंगावर कोठे आणि कसे बसते, हे क्रियापदच सांगते. इंग्रजी शिकणाऱ्याला ही सारी क्रियापदे बाजूस ठेवून एकाच ‘वेअर’वर भागवावे लागले. उलट आपल्या ‘लागणे’चे पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, आंबा गोड लागतो आणि शेवटी एकदाची नोकरीही लागते. यांतील दोन वाक्येही एकाच इंग्रजी क्रियापदाने साधणे अवघड. कोश अर्थ देतो. वापर मात्र घोकून, चुकून आणि हसे करून घेऊनच येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या वाक्ये गिरवीत राहिल्या, त्या याच गरजेपोटी.

आपणां कारकून मंडळींची इंग्रजी तर आणखी निराळी. ती ना कोशातून आली, ना पाठमालेतून. ती आधीच्या नस्त्या पाहून आली. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, हे माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते की, एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादल्याची बातमी प्रथम वाचली तेव्हा ही कसली उदार शिक्षा, असे मला वाटून गेले होते.

मोल्सवर्थची माझ्याजवळची प्रत १९७५ साली पुण्यात झालेल्या पुनर्मुद्रणाची आहे. ती मी दिल्लीत जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणली, तेव्हा ती शोभेपुरतीच राहील अशी माझी समजूत होती. आज ती सर्वांत अधिक हाताळते माझी अकरा वर्षांची मुलगी. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि मराठी फक्त घरात व आजीच्या फोनवर. ‘आई साडी घालते’ असे ती सहज म्हणे. एकदा फोनवर आजीने टोकले, “अगं, साडी नेसतात.” मुलीने मला अर्थ विचारला. मी नीट सांगू शकलो नाही, हातवारे केले. तेव्हा तिनेच कोश काढला, ‘नेसणे’ हुडकले आणि समोरची इंग्रजी ओळ वाचून म्हणाली, “म्हणजे कमरेभोवती! मग असं सांगा ना, बाबा.”

एकोणिसाव्या शतकातील साहेब ज्या दाराने मराठीत शिरत होता, त्याच दाराने माझी मुलगी इंग्रजीकडून मराठीत येत होती. मला क्षणभर वाईट वाटले, हे लपवीत नाही. पण मोल्सवर्थने आणि त्याच्या अनाम शास्त्र्यांनी तो शब्द तेथे नीट टिपून ठेवला नसता, तर मी पुन्हा हातवारेच केले असते.

यंदाच्या पाडव्याला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला निघताना तिने मला विचारले, “बाबा, तुम्ही धोतर नेसणार की पँट घालणार?” पत्नी माझ्याकडे पाहू लागली. धोतर नेसता मला येत नाही. मी पँट घालून गेलो.