लाल काचेचे मोल



गेल्या श्रावणात आमच्या आळीत कासार आला होता. हिरव्या बांगड्यांचा भाव त्याने एक सांगितला आणि आरपार लाल काचेच्या बांगड्यांचा त्याहून बराच अधिक. "दोन्ही काचच की!" म्हणून मी त्याला चार शब्द सुनावले. तो इतकेच म्हणाला, "वहिनी, लाल काच भट्टीतच महाग पडते." ते मनाला लागून राहिले. मग वाचनालयातून पुस्तके आणून शोध घेतला. तो खरे बोलत होता, हे कबूल करण्यासाठीच हा लेख.

काच म्हणजे वाळू, सोडा व चुना यांचा भट्टीत वितळलेला रस. वाळूत लोखंडाचा अंश असतोच. त्यामुळे काचेला आपोआप हिरवट झाक येते. हिरवा रंग जणू तिला माहेरूनच मिळालेला! तो गडद करण्यास थोडे क्रोमियम किंवा तांबे पुरते. निळ्या रंगाचे कोबाल्ट महाग खरे, पण हजार भागांत एक भागसुद्धा पुष्कळ होतो.

लाल रंगाची गोष्ट निराळी. फ्लॉरेन्सच्या अंतोनियो नेरी याने 1612 साली काचेच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्यात सोन्यापासून लाल रंग करण्याची कृती आहे. पुढे जर्मनीत योहान कुंकेल याने ती काच नियमाने करून दाखविली. ब्रँडेनबर्गचा अधिपती फ्रीडरिख विल्हेल्म याने 1685 साली त्याला पोट्सडॅमजवळचे एक बेटच प्रयोगांसाठी दिले. आता त्या बेटाला मोरांचे बेट म्हणतात.

सोने अम्लराजात विरघळवून काचेच्या मालात घालतात. दहा हजार भागांत एक-दोन भाग सोने पुरते. मग खर्च केवळ सोन्याचाच का? नव्हे. भट्टीतून निघालेली काच आधी जवळजवळ बिनरंगी दिसते. ती पुन्हा बेताने तापवली की आत सोन्याचे अतिसूक्ष्म कण जमतात आणि माणकासारखा रंग खुलतो. ताव थोडा चुकला, की काच तपकिरी, गढूळ होते आणि घाणा वाया जातो. तांब्यापासूनही लाल काच होते. तांबे स्वस्त, पण विस्तव सांभाळणे तितकेच कठीण. सोन्याचे बारीक कण लाल रंग दाखवितात, हे मायकेल फॅरडे यांनी 1857 साली प्रयोगांनी दाखविले. म्हणजे कारागिरांना जे हाताने साधले होते, त्याचे कारण पावणेदोनशे वर्षांनी कळले.

बांगडीत अर्थातच सोने नसते. तिच्या लाल काचेत सेलेनियम व कॅडमियम घालतात. सेलेनियम स्वीडनच्या बर्झेलियस यांनी 1817 साली शोधले. भट्टीच्या आचेने त्यातले पुष्कळसे उडून जाते. म्हणून लागते त्याहून अधिक घालावे लागते. ही काचही पुन्हा तापवूनच लाल होते. शिवाय कॅडमियम विषारी. त्याची धूळ व वाफ भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्याच्या छातीत जाते. आपल्या देशात बांगड्यांचे मोठे गाव म्हणजे उत्तर प्रदेशातील फिरोझाबाद. तिथल्या कारागिरांच्या श्वासाचा हिशेब मात्र बांगडीच्या भावात धरलेला नसतो.

सौभाग्याचा हिरवा चुडा सर्वांना परवडावा, ही वाळूतल्या लोखंडाचीच कृपा म्हणायची! लाल बांगड्या हव्या असतील, तर त्यांत किती जणांची होरपळ आहे हे आठवून भाव करावा. यंदा श्रावणात कासार आला, की मी आधी त्याला पाणी देईन आणि गेल्या वर्षीचे बोलणे मागे घेईन.