मैदानावरचे नैपुण्य आणि गुणपत्रिकेची अट

अमेरिकेतील विद्यापीठाच्या संघातून खेळावे आणि त्याच बळावर पदवीही मिळवावी, हे स्वप्न आता भारतातील शाळकरी खेळाडूही पाहू लागले आहेत. टेनिसपटू सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ व २००८ अशी सलग दोन वर्षे आंतरविद्यापीठ एकेरीचे विजेतेपद मिळविले. उंच उडीपटू तेजस्विन शंकर याने कॅन्सस स्टेट विद्यापीठातर्फे २०१८ व २०२२ मध्ये तोच मान पटकाविला. मात्र या वाटेवर पहिली कसोटी मैदानावर नव्हे, तर गुणपत्रिकेवर होते.

नियम कोणाचे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन मुख्यत्वे 'नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन' म्हणजेच 'एनसीएए' ही संस्था करते. १९०६ साली अस्तित्वात आलेल्या या संस्थेचे मुख्यालय इंडियानापोलिस येथे असून, तिच्या सदस्य महाविद्यालयांची १९७३ पासून तीन विभागांत वर्गवारी करण्यात आली आहे. पहिल्या व दुसऱ्या विभागात क्रीडा शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी संस्थेच्या पात्रता केंद्राकडून शैक्षणिक पात्रतेचा दाखला घ्यावा लागतो. तिसऱ्या विभागात क्रीडा शिष्यवृत्ती नसते आणि तेथे प्रवेशाचे निकष प्रत्येक महाविद्यालय स्वतःच ठरविते.

सोळा विषयांचे गणित

नववी ते बारावी या चार वर्षांत सोळा 'गाभा विषय' पूर्ण करणे, ही मूळ अट आहे. एक विषय वर्षभर शिकला की तो एक एकक धरला जातो. पहिल्या विभागासाठी इंग्रजीची चार, गणिताची तीन, विज्ञानाची दोन आणि सामाजिक शास्त्रांची दोन एकके लागतात. इंग्रजी, गणित वा विज्ञान यांपैकी आणखी एक, तर उरलेली चार एकके याच विषयांतून अथवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान, तौलनिक धर्म यांतून घेता येतात. शारीरिक शिक्षण, चित्रकला किंवा संगीत यांतील गुण, कितीही उत्तम असले तरी, येथे जमेस धरले जात नाहीत.

या सोळा विषयांची सरासरी चारपैकी किमान २.३ असावी लागते. दुसऱ्या विभागासाठी ती २.२ पुरते. 'ए' श्रेणीला चार, 'बी'ला तीन, 'सी'ला दोन व 'डी'ला एक गुण मिळतो. पाच विषयांत 'बी' आणि अकरा विषयांत 'सी' असलेल्या विद्यार्थ्याची सरासरी २.३१ होते व तो पहिल्या विभागात पात्र ठरतो. त्यातील एकच 'बी' घसरून 'सी' झाला, तर सरासरी २.२५ वर येते. अशा विद्यार्थ्याला पहिल्या विभागात शिष्यवृत्ती मिळू शकते, पहिल्या सत्रात सरावही करता येतो. पण पहिले वर्षभर सामन्यात उतरता येत नाही. एका श्रेणीची किंमत एका मोसमाइतकी ठरते, ती अशी.

बारावीत जाग येऊन उपयोग नाही

सर्वांत कठोर अट वेळेची आहे. पहिल्या विभागासाठी सोळापैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण झालेले हवेत आणि त्यांतील सात इंग्रजी, गणित वा विज्ञान यांतील असावेत. या विषयांच्या श्रेणी त्यानंतर गोठविल्या जातात. पुन्हा परीक्षा देऊन त्या सुधारता येत नाहीत. शालेय शिक्षणही नियत चार वर्षांतच संपवावे लागते. सरावासाठी एखादे वर्ष 'ड्रॉप' घेण्याची आपल्याकडील पद्धत म्हणूनच या वाटेवर अडचणीची ठरू शकते.

वादाचा इतिहास

'प्रपोझिशन ४८' हा नियम १९८३ मध्ये मंजूर होऊन १९८६ पासून अमलात आला. अकरा गाभा विषयांत २.० सरासरी आणि 'सॅट' परीक्षेत किमान ७०० गुण, असे त्याचे स्वरूप होते. प्रवेशपरीक्षेची अट गरीब व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर अन्याय करते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला. हा नियम आणखी कडक करणाऱ्या 'प्रपोझिशन ४२'च्या निषेधार्थ जॉर्जटाउनचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होण्याच्या सुमारास मैदान सोडले होते. अखेर जानेवारी २०२३ मध्ये संस्थेने 'सॅट' व 'एसीटी' यांची अट रद्द केली. तथापि, विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मागू शकते. खेळण्याची पात्रता आणि विद्यापीठातील प्रवेश या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

परदेशी विद्यार्थ्यांना नववीपासूनची वर्षवार गुणपत्रे आणि शालेय शिक्षण पूर्ण झाल्याची प्रमाणपत्रे सादर करावी लागतात. मूळ कागद मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. दहावीचा निकाल लागला की नववीचे प्रगतिपुस्तक रद्दीत टाकण्याची सवय येथे महागात पडते. अकरावीला विज्ञान शाखा घेणाऱ्यांचा इतिहास-भूगोल दहावीनंतर सुटतो. त्यामुळे नववी-दहावीतील या विषयांच्या नोंदी विशेष जपाव्यात. सरावाच्या सोयीसाठी दूरशिक्षणाने बारावी करू इच्छिणाऱ्यांनी, तो अभ्यासक्रम मान्य होईल काय, याची केंद्राकडून आधीच खात्री करून घ्यावी. कारण शिक्षकांशी नियमित संपर्क नसलेले स्वाध्यायी अभ्यासक्रम नाकारले जाऊ शकतात.

१ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाच्या व छबीच्या व्यावसायिक वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. परंतु विद्यार्थी व्हिसावरील कामाचे निर्बंध त्यामुळे दूर होत नाहीत, हे परदेशी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पात्रता केंद्राकडे नोंदणी करण्यास नववी-दहावी हा योग्य काळ होय. प्रशिक्षकाच्या नजरेत भरण्यास एखादा सामनाही पुरेसा ठरतो. गुणपत्रिका मात्र चार वर्षांच्या सातत्यानेच घडते.