पृष्ठावरील ‘खंजिरी’ या शब्दाविषयी
खंजिरी : लाकडी कड्यावर कातडे ताणलेले व खाचांत झांजा ओवलेले, एका हाती धरावयाचे वाद्य. गांधीजींच्या निमंत्रणावरून १९३६ साली खंजिरीवर भजने गाणाऱ्या तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) मुक्काम शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, झाला. आणि १९४२ च्या ऑगस्टात वर्धा जिल्ह्यातील आष्टी व चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक उठले, तेव्हा ज्यांच्या खंजिरीभजनांनी तो प्रदेश चेतवला होता त्या महाराजांना सरकारने कैदेत टाकले. ग्रंथकार खंजिरीभजनांच्या या परंपरेला आजच्या रॅपची पूर्वज मानतात, ते मला सर्वथा ग्राह्य वाटते. कारण दोहोंत ठेका शब्दाचा सेवक आहे आणि शब्द गाऱ्हाण्याचा. फ्रान्समधील ‘मानाऊ’ या मंडळीने १९९८ साली ‘ला त्रिबू द दाना’मध्ये ब्रिटनी प्रांतातील ‘त्री मार्तोलोद’ या केल्टिक लोकगीताची चाल रॅपला जोडली खरी, परंतु त्या रॅपचा विषय प्राचीन योद्ध्यांची कथा हा होता. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळीने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरे वनातील प्रकाश भोईर यांचा आदिवासी स्वर रॅपशेजारी बसविला, तो मात्र जंगल-जमिनीच्या हक्कासाठी, म्हणून खंजिरीशी त्याचे नाते मला अधिक निकटचे वाटते. (संपा.)