अक्रोडाची टरफले

प्रजासत्ताकदिनाचे संचलन टीव्हीवर पाहताना नातवाने विचारले, "आजोबा, या हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा कसा नाही?" ते चिनूक होते. त्याला पुढे एक, मागे एक असे दोन मोठे पंखे. त्यांची पाती एकमेकांच्या वर्तुळात शिरतात. पण पंखे दांड्याने आणि गिअरांनी जोडलेले असल्याने ती कधी भिडत नाहीत.

कधी नाहीत, असे म्हणालो खरा, आणि मला मानहाइम आठवले.

११ सप्टेंबर १९८२. पश्चिम जर्मनीतल्या या शहराचा ३७५वा वर्धापन, त्यानिमित्त विमानांची प्रात्यक्षिके. अमेरिकी लष्कराच्या चिनूकमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीचे छत्रीधारी बसले होते. उडी घेण्याआधीच वैमानिकाने हेलिकॉप्टर परत वळवले. उतरता उतरता पाती एकमेकांवर आपटली आणि ते महामार्गावर कोसळले. ४६ जण गेले. पाठीवर छत्र्या होत्या हो, पण उंची उरली नव्हती.

तपासात निघाला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा! यंत्राचे भाग घासून साफ करायला तो वापरत. त्यातले कण गिअरबॉक्समध्ये राहिले, तेलाच्या बारीक वाटा बुजल्या, बेअरिंग कोरडे पडून निकामी झाले. पुढे तो भुगा वापरणे बंद केले.

मला हे फार लागते. कोणी सफाई टाळली असती तर रागावता तरी आले असते. आमची आई राखेने भांडी घासायची आणि आम्हा मुलांना ती दोनदा विसळायला लावायची. आम्ही कुरकुरायचो.

नातवाला हे सगळे सांगावे की नाही, याचा विचार करेपर्यंत पुढची विमाने आली होती.