मनाची घालमेल: लक्षणे, उपाय आणि मदत

दुःख, भीती, राग, अपराधीपणा या भावना प्रत्येकाच्या मनात येतात आणि ओसरतात. त्या ओसरल्या नाहीत आणि झोप, भूक, कामधंदा बिघडू लागला, तर उपचाराची गरज असते. उपचाराने बहुतेकांना बरे वाटते.

लक्षणे

भंडारदरा परिसरातील गावांतून येणारे रुग्ण 'मन उदास आहे' असे क्वचितच सांगतात. छातीत धडधड, डोके जड, अंगात त्राण नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. हे नाटक नसते. ताणामुळे ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. त्यामुळे ठोके वाढतात, स्नायू आखडतात. रक्तक्षय आणि थायरॉईडच्या विकारांतही असाच त्रास होतो, म्हणून आधी तपासणी करावी. रिपोर्ट नॉर्मल आले, तर पीक, कर्ज, मजुरीसाठी सोडावे लागलेले घर, जवळच्याचा मृत्यू, बाळंतपण यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

स्वतः काय करावे?

- विश्वासाच्या एका माणसाला सगळे सांगा.
- चिंता कागदावर लिहा. कर्ज असेल तर रक्कम लिहा आणि या आठवड्यात करता येईल असे एकच काम ठरवा.
- झोपण्या-उठण्याची वेळ पाळा, रोज अर्धा तास चाला.
- दारू टाळा. तिने झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्येच मोडते आणि उदासी वाढते.

घरच्यांनी काय करावे?

'मन घट्ट कर' म्हणण्याऐवजी 'कधीपासून असं वाटतंय?' असे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. देवाला किंवा भगताकडे गेल्याने धीर येत असेल तर जा, पण डॉक्टरांचे औषध बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

त्रास दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास तिथून मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवता येते. उदासीवरील औषधांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. त्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी सवय लागत नाही. बरे वाटल्यावरही ती साधारण ६ महिने घ्यावी लागतात. मनाने बंद करू नयेत.

तातडीची वेळ

'जगून काय करू' असे कोणी म्हणाले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे स्पष्ट विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर २४ तास, मोफत, मराठीतून बोलता येते. विष पोटात गेले असेल, तर उलटी करवू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.