दुर्मीळ, पण कशामुळे?

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मेरिडन गावी पार्कर ब्रदर्सच्या कारखान्याने यादवी युद्धानंतरच्या वर्षांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे २ लाख ४२ हजार दुनळी बंदुका बनवल्या. कॉफी दळायची यंत्रं विकणाऱ्या घराण्याने सुरू केलेला हा धंदा पुढे मूळ धंद्याहून जास्त नावाजला. आज या बंदुकांची किंमत चढते ती एखाद्या खास गोष्टीमुळे: दोनाऐवजी एकच चाप, नळ्यांवर व्हेंटिलेटेड रिब (खालून हवा खेळू देणारी पट्टी), २८ बोअर (बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक), सरळ दस्ता. लिलावाच्या यादीत तिच्यापुढे ‘दुर्मीळ’ एवढं छापलं की विकणाऱ्याचं काम झालं. पण हा शब्द एकटा फारसं काही सांगत नाही. एखादी गोष्ट कमी का निघाली, हे कळलं तरच तिच्या कमी असण्यातून काही हाती लागतं. आणि पार्करच्या बाबतीत ही कारणं एकमेकांना अजिबात धरून नाहीत.

एका चापाचंच घ्या. जुन्या रीतीप्रमाणे दोन नळ्यांना दोन चाप असत. पुढचा ओढला की उजवी नळी, मागचा ओढला की डावी. लंडनच्या बॉस कंपनीने एका चापाचं पेटंट १८९४ मध्येच घेतलं होतं. पार्करला ही सोय द्यायला १९२२ साल उजाडलं, आणि व्हेंटिलेटेड रिब आली १९२६ मध्ये. ही रिब, पुढच्या हाताला तापलेल्या नळीपासून वाचवणारा रुंद फोरएंड, हे सगळं मातीच्या तबकड्यांवर भराभर बार काढणाऱ्या नेमबाजांसाठी होतं. स्कीट हा तबकड्यांचाच खेळ नुकता रुजत होता आणि कारखान्याला नवं गिऱ्हाईक हवं होतं, कारण जुनं गिऱ्हाईक पंप आणि ऑटोमॅटिक बंदुकांकडे वळलं होतं. त्या स्वस्त होत्या आणि दोनापेक्षा जास्त बार देत. मग १९२९ ची मंदी आली. १९३४ मध्ये रेमिंग्टनने पार्कर विकत घेतली, आणि महायुद्धाने दुनळीचं काम जवळपास बंदच पाडलं. पार्करच्या बहुतेक बंदुका या सोयी निघण्याआधीच विकल्या गेल्या होत्या. तेव्हा एकचापी पार्कर कमी आहेत यात कारागिरीचं रहस्य शोधू नये. उशीर आणि मंदी एवढं कारण पुरेसं आहे.

सरळ दस्त्याची गोष्ट वेगळी. त्याला नवा शोध लागत नव्हता. पण अमेरिकी शिकाऱ्याला पिस्तुलासारखी वळणदार मूठ आवडे, म्हणून सरळ दस्ता मागणारे थोडे. इंग्लंडात नेमकं उलट: तिथे दुनळीला सरळ दस्ता हाच रिवाज, कारण पुढच्या चापावरून मागच्या चापावर जाताना हात त्यावरून सहज सरकतो. म्हणजे मेरिडनमध्ये जे दुर्मीळ, तेच लंडनमध्ये रोजचं. ८ बोअरची कथा आणखी निराळी. बाजारात विकायला बदकं मारणाऱ्यांची ही अवजड बंदूक. १९१८ मध्ये अमेरिकी सरकारने स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला १० बोअरहून मोठी बंदूक वापरायला बंदी घातली आणि तिची गरजच संपली. इथे संख्या कमी राहिली ती आवडीनिवडीमुळे नव्हे, कायद्यामुळे.

यावर कोणी म्हणेल, कारण काहीही असो, कमी ते महाग. बाजाराला इतिहास कशाला हवा? पण बाजारही केवळ संख्येला भाव देत नाही. पार्करने सुरुवातीच्या काळात ११ बोअरच्या, बाहेरून घोडा (हॅमर) असलेल्या बंदुकाही थोड्या बनवल्या होत्या. आज त्या क्वचितच दिसतात, तरी २८ बोअरइतकी ओढ त्यांच्यासाठी लागत नाही. २८ बोअर हलकी, हातात खेळणारी, आणि तिची काडतुसं अजून मिळतात. ११ बोअरचं काडतूस शोधत फिरावं लागतं. म्हणजे संग्राहक पैसे देतो ते वापरण्याजोग्या, हव्याशा गोष्टीला. कमतरता फक्त त्या हवेपणाला धार लावते. (उलट, मालकाच्या लांब मानेसाठी दस्ता भलताच खाली वाकवून घेतलेली बंदूक जगात एकच असेल, पण तिच्यासाठी कोणी हात वर करत नाही.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पार्करच्या विक्रीच्या आणि उत्पादनाच्या वह्या बऱ्याच अंशी टिकल्या आहेत, त्यामुळे कुठली गोष्ट किती निघाली हे मोजता येतं. मग तर्क कशाला लढवायचे? मोजता येतं हे खरं, पण वह्यांत खंड आहेत. शिवाय वही सांगते ती बंदूक कारखान्यातून निघाली तेव्हाची स्थिती; नंतरच्या ८०-१०० वर्षांत तिच्यावर कोणाकोणाचे हात फिरले, हे वहीला ठाऊक नाही. भाव वाढला की ते हात जास्तच फिरतात. म्हणून जाणकार नळ्या सोडवून त्यांचा खालचा सपाट भाग पाहतात. तिथे नळ्या कानशीने उतरवण्याआधीचं त्यांचं वजन पौंड-औंसांत ठोकलेलं असतं, आणि मागच्या कड्यावर सांगाड्याचा क्रमांक. २८ बोअरच्या नळ्या साधारणपणे ० किंवा ०० क्रमांकाच्या लहान सांगाड्यावर बसत. मोठ्या सांगाड्यावर त्या दिसल्या तर आधी शंका घ्यावी. ट्रोजन ही पार्करची सगळ्यात स्वस्त जात. रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारे इजेक्टर तिला देत नसत. इजेक्टर असलेली ट्रोजन समोर आली, तर संख्येच्या हिशेबात ती अव्वल ठरेल, पण पहिला प्रश्न ते इजेक्टर कोणी आणि केव्हा बसवले हाच असायला हवा. खुद्द मेरिडनचा कारखानाही जुन्या बंदुका परत घेऊन त्यांना नवे भाग लावून देई. त्यामुळे १९२२ च्या आधीच्या क्रमांकाच्या बंदुकीला एकच चाप दिसला म्हणून ती लगेच बनावट ठरत नाही. तो चाप पार्करचाच असू शकतो, फक्त बंदुकीहून काही वर्षांनी धाकटा.